इंग्लंडचा सोपा रस्ता

इंग्लंडमधल्या खेड्यांतून सायकल चालवायची असेल, तर आधी न्यू जर्सीतल्या एका बेसमेंटमध्ये बसून आपली लायकी ठरवावी लागते, हे मला मार्चमधल्या एका रविवारी दुपारी कळलं. बेसमेंट वेस्ट विंडसरमधलं, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडचं. भिंतीवर हातभर नव्हे, चांगला पुरुषभर रुंद टीव्ही. टीव्हीवर एका इंग्लिश सहल कंपनीचं पान, आणि समोर सोफ्यावर आम्ही तीन जोडपी, हातात चिवड्याच्या वाट्या.

कंपनीची पद्धत अशी होती की सकाळी एका गावातून निघायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या गावातल्या छोट्या हॉटेलात पोचायचं. सामान गाडीने पुढे जाणार. मधे जायला तीन रस्ते. ग्रीन म्हणजे नदीकाठचा, सपाट. ब्लू म्हणजे थोडे चढ, थोडे उतार. रेड म्हणजे टेकड्या, वळणं आणि दम. तिन्ही रस्ते संध्याकाळी त्याच दाराशी येतात. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावं. किती साधी गोष्ट. ज्याच्या घरात एक तरुण, एक दमेकरी आणि एक म्हातारी असेल अशा कोणीतरी शहाण्या माणसाने ती बसवली असणार.

पण ती दाखवली कोणाला, तर ज्यात पहिलं यायचं नसतं अशी एकही यादी ज्यांनी जन्मात पाहिलेली नाही, त्यांना.

बेसमेंट ज्यांचं, त्यांना मी इथे सेक्रेटरी म्हणते. मी ओळखते तेव्हापासून ते कसले ना कसले सेक्रेटरी आहेतच; काही नसलं तर स्वतःच एखादी समिती काढतात. दुसरे मेरिटवाले. ते दहावीला बोर्डात आले होते. त्या गोष्टीला पस्तीसेक वर्षं झाली, पण नवीन माणसाला ती पहिला चहा संपायच्या आत कळते. तिसरा माझा नवरा.

माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. त्या खोलीत ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. आदल्या नोव्हेंबरात तो आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात पडून होता आणि तिथूनच मित्रांना मेसेज पाठवत होता, की टेक्ससमध्ये अर्विंगला क्लायंटकडे आलोय, नेटवर्क धड नाही. नाकात ऑक्सिजनची नळी आणि बोटाने तिथल्या जेवणाबद्दल विनोद. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाला, लोक डबे घेऊन येतील, मग हळू आवाजात बोलायला लागतील, आणि मग एक दिवस कशातच बोलावणार नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सायकलला मनाई केली नव्हती. उलट चालव म्हणाल्या. फक्त सपाटीवर, आणि इतक्याच वेगाने की चालवता चालवता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं तर थांबायचं. मला हा नियम फार आवडला. त्याला घड्याळ लागत नाही, ॲप लागत नाही. शेजारी एक बायको असली की पुरे.

सेक्रेटरींनी पानावरचे तीन रंग वाचून दाखवले. मेरिटवाले म्हणाले, "म्हणजे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स."

सगळे हसले. पण त्या हसण्यातच निकाल लागला होता. सायन्स मिळत असताना आर्ट्सला कोण जाणार? सेक्रेटरी रेड. मेरिटवाले रेड, वर कंपनी यापेक्षा वरचं काही देते का अशी चौकशी. बॅटरीवर चालणारी सायकलही मिळते असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्यावर मेरिटवाल्यांचं मत पडलं की ते कॉपी करून पास होण्यासारखं आहे. त्या दोघांच्या बायकांना कोणी विचारलं नाही; त्यांच्या नावापुढे सेक्रेटरींनी ब्लू टाकलं, जसं पूर्वी घरात मुलगा इंजिनिअरिंगला आणि मुलगी बीएस्सीला ठरायची तसं. सेक्रेटरींची मुलगी, इथेच जन्मलेली, पंचविशीची, वॉशिंग मशीनमधले कपडे काढायला खाली आली होती. तिने टीव्हीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॅड, इट्स नॉट अ टेस्ट." बापाने तिला कपडे घडी करून ठेवायला सांगितलं.

माझी पाळी आली तेव्हा मी ग्रीन म्हणाले.

"अहो वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही तर गावाकडच्या. तुम्हाला तर सायकलची सवय."

"सवय आहे म्हणूनच," मी म्हणाले.

त्यांना तो विनय वाटला. विनय माझ्यात नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आई अंगठा उठवायची, वडलांना सही यायची पण मार्कशीट वाचता यायची नाही. निकाल लागला की ते एकच विचारायचे, पास का? हो म्हटलं की संपलं. आमच्या घरात श्रेणी दोनच, पास आणि नापास, आणि तेवढ्यावर मी एमएस्सी केलं आणि आज इथल्या प्रयोगशाळेत जे काम करते ते बोर्डात आलेल्या बऱ्याच जणांना जमणार नाही. गावाहून कॉलेजला जायला दोन रस्ते होते. एक खिंडीतून, जवळचा. एक कालव्याच्या कडेने, लांबचा पण सपाट. मी आणि आणखी तीन मुली, वडलांच्या नाहीतर भावाच्या जड सायकलींवर, पाच वर्षांत एकदाही खिंडीतून गेलो नाही. घामाने निथळत वर्गात पोचण्याचे मार्क कोणी देत नव्हतं. ज्याला खरंच कुठेतरी पोचायचं असतं तो सोपा रस्ता शोधतो. अवघड रस्ता हौसेने धरायला आधी घरात तीन पिढ्या पोट भरलेलं असावं लागतं.

मग माझ्या नवऱ्याची पाळी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "रेड," म्हणाला.

घरी येताना गाडीत मी विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? तो म्हणाला, एप्रिलअखेरपर्यंत फॉर्म बदलता येतो, आत्ता उगाच कशाला? पुरुषांत मी एकटा ग्रीन म्हणालो असतो तर दहा प्रश्न आले असते. मी म्हणाले, येऊ देत. तो म्हणाला, "तुला काय, तुला कोणी काहीही म्हटलं तरी चालतं." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं. मी ते कौतुक म्हणून ठेवून घेतलं. पण मला कळलं की माझ्यापाशी सहा आठवडे आहेत, आणि त्यात ह्या माणसाला त्याच्या मित्रांपासून वाचवायचं आहे.

त्या सहा आठवड्यांत जी काही खरेदी झाली तिचं वर्णन करायला माझी लेखणी धजत नाही, तरी थोडं करते. गादी शिवलेल्या चड्ड्या आल्या. अंगाला चिकटणारे शर्ट आले, पोपटी आणि केशरी, ज्यांत पन्नाशीच्या पोटांचा प्रत्येक तपशील रस्त्यावरच्या लोकांना मिळतो. हेल्मेटला आरसे आले. बोटाने उचलता येतील अशा सायकली आल्या, आणि त्या उचलूनच दाखवल्या जात, चालवण्याआधी. मेरिटवाले रोज सकाळी ग्रुपवर आपले किलोमीटर टाकत. मैलांच्या देशात किलोमीटर, कारण आकडा मोठा दिसतो. सेक्रेटरींनी एक तक्ता केला. माझा नवरा रात्री जेवल्यावर तो तक्ता वाचायचा. त्याच्या मनगटावरचं घड्याळ ठोके वाढले की थरथरतं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की ते बरेच दिवस थरथरलेलं नाही. त्याने ती सूचनाच बंद करून ठेवली होती.

मी ती त्याच्यादेखत पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घरी ठेवून गेला.

सुरुवातीचा सराव कालव्याच्या काठच्या पायवाटेवर झाला. ती वाट ताटासारखी सपाट, दोन्हीकडे झाडं, पाण्यात कासवं. मी नवऱ्याच्या शेजारून चालवायचे आणि त्याला काहीबाही विचारत राहायचे, आणि तो पूर्ण वाक्यांत उत्तरं द्यायचा, बहुतेक कटकट करणारी. मला त्या कटकटीसारखं दुसरं औषध दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर तीच इंग्लंडची ग्रीन वाट होती, फक्त कासवांऐवजी तिथे बदकं. पण सेक्रेटरींना ती पुरेना. त्यांनी जाहीर केलं की शेवटच्या शनिवारी होपवेलच्या पलीकडची टेकडी चढायची. रेडची परीक्षा. हा शब्द त्यांचा.

शनिवारी सकाळी आम्ही सहाजण पायथ्याशी उभे राहिलो. मी घरीच नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, हळू चढेन. मेरिटवाले सुटले ते उभ्यानेच पायडल मारत. सेक्रेटरी त्यांच्यामागे. पहिलं वळण ओलांडून आम्ही पोचतो तो सेक्रेटरी सायकलवरून उतरून चालत होते, आणि आम्ही दिसताच त्यांनी खाली वाकून चेन तपासायला घेतली. चेनला काही झालेलं नव्हतं.

मी नवऱ्याच्या मागे होते. त्याची मान लाल झाली होती. मी म्हणाले, संध्याकाळी भाजी कसली करू?

"काहीही."

थोडं वर गेलो. मी म्हणाले, उद्या आईंना फोन किती वाजता करायचा?

"बघू."

तिसरा प्रश्न काय होता ते मला आठवत नाही. त्याने उत्तर दिलं नाही, हँडलवरून एक हात उचलून नुसता हलवला, आणि तो हात परत हँडलवर न जाता छातीवर गेला. मी माझी सायकल रस्त्यात टाकली आणि त्याचं हँडल धरलं. त्याला गवतावर बसवलं. त्याच्या खिशात गोळी होती. तेवढी अक्कल त्याने ठेवली होती. गोळी जिभेखाली गेली आणि मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवून बसून राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे काही मागितल्याचे प्रसंग थोडे आहेत. तेव्हा तो मागत होता, की बोलू नकोस.

तोवर चौघंही जमले. मेरिटवाले वरून उतरून आले. त्यांचाही चेहरा राखेसारखा झाला होता, पण हातात फोन होता आणि व्हिडिओ चालू होता. "काय लेका," ते म्हणाले, "बसलास? का वहिनींनी ब्रेक लावला?"

मी म्हणाले, "तो फोन बंद करा. ह्याला नोव्हेंबरमध्ये दोन स्टेंट घातलेत. अर्विंगला गेला नव्हता, इथेच हॉस्पिटलात होता. हा ना ही टेकडी चढणार, ना इंग्लंडातली."

सेक्रेटरींच्या बायकोने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी तिच्या घरातलंच काहीतरी चव्हाट्यावर मांडलं होतं. मग ती खाली बसली आणि तिने पाण्याची बाटली उघडून दिली. मेरिटवाले जाऊन त्यांची गाडी घेऊन आले, इतकं म्हणायलाच हवं, आणि न बोलता घेऊन आले.

आम्ही तिथून सरळ हॉस्पिटलात गेलो. तपासण्या झाल्या. नवीन काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला असं काही झापलं, की मला माझा एक शब्दही खर्चावा लागला नाही.

घरी आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी नाही, रविवारी नाही. रविवारी संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा लांबलचक मेसेज आला. मैत्री म्हणजे काय, हे त्यात होतं. आयुष्यात कुठे पोचायचं यापेक्षा कोणाबरोबर पोचायचं हे महत्त्वाचं, हे होतं. आणि शेवटी, आपल्या मित्रासाठी आपण सगळ्यांनी ग्रीन घ्यायचं असं ठरवलं आहे. खाली मेरिटवाल्यांचे जोडलेले हात, हृदयं, आणि एक वाक्य, की माझा तर रेडचा पूर्ण सराव झाला होता पण मित्रापुढे रेड काय चीज आहे.

मी तो मेसेज दोनदा वाचला. त्यातून सुटकेचा निःश्वास इतका मोठा ऐकू येत होता की खिडकी लावावीशी वाटली. टेकडीवर चालत गेलेले सेक्रेटरी आणि वर राखेसारखे झालेले मेरिटवाले, दोघांना माझ्या नवऱ्याच्या आजारपणात एक भक्कम जिना सापडला होता, आणि ते हातात हात घालून ऐटीत खाली उतरत होते.

सोमवारी सकाळी माझा नवरा पोहे खात तोच मेसेज वाचत होता. दोन दिवसांनी त्याने तोंड उघडलं.

"मी ह्यांचं पांघरूण आहे का?"

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. हे त्याला स्वतःला दिसलं होतं, आणि माझ्या तोंडून ते आलं असतं तर त्याने मानलं नसतं.

पोहे तसेच ठेवून त्याने टाइप करायला घेतलं, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. मी ग्रीनला जातोय कारण माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत. अर्विंगचं खोटं बोललो, चुकलं. पण तुम्हाला हे माहीत नव्हतं तेव्हा तुम्ही रेड घेतलं होतं, म्हणजे तुम्हाला रेड हवंच होतं. माझ्यासाठी कोणी खाली यायचं नाही. तुम्ही खाली आलात तर मी येणार नाही.

पाठवलं.

ग्रुपवर दीड दिवस शांतता. बारा वर्षांत त्या ग्रुपवर दीड तासाचीही शांतता मी पाहिलेली नाही. मग मेरिटवाल्यांचा गुडघा निघाला. जुना गुडघा, कॉलेजातल्या क्रिकेटमधला, तोवर कोणी कधी न ऐकलेला; म्हणून रेडचं तिथे गेल्यावर बघू. सेक्रेटरींनी कळवलं की सगळ्यांवर लक्ष ठेवायला कोणीतरी मधल्या रस्त्यावर असलेलं बरं, म्हणून ते ब्लू. म्हणजे एकाला गुडघा आडवा आला आणि एकाला जबाबदारी. साधं "मला झेपत नाही" हे तीन शब्दांचं मराठी वाक्य ह्या दोन शिकल्यासवरलेल्या माणसांना शेवटपर्यंत बोलता आलं नाही. माझे वडील ते रोज बोलायचे, पोत्याला हात लावता लावता, आणि कोणीतरी दुसरं टोक धरायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने स्वतः फॉर्म भरला. तब्येतीचा रकाना, जो त्याने आधी मोकळा सोडला होता, त्यात सगळं लिहिलं, औषधांच्या नावांसकट.

जूनमध्ये आम्ही गेलो. इंग्लंड पानावर होतं तसंच निघालं. दगडी घरं, मेंढ्या, दर दोन मैलांवर एक चर्च आणि त्याच्या समोर पब. पहिल्याच सकाळी मेरिटवाले हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडून सवयीने रस्त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने त्यांना जे ऐकवलं ते त्यांना समजलं नाही हे बरंच झालं. अर्धा जन्म डाव्या बाजूच्या देशात काढला, आणि पंचवीस वर्षांत डावी बाजू विसरले. गुडघा असूनही ते दोन दिवस रेडच्या वाटेवर गेले आणि दोन्ही दिवस कंपनीच्या गाडीतून आले, सायकल मागे बांधून. तिसऱ्या दिवशी ते ब्लूला होते. त्याबद्दल मेसेज आला नाही. रेडचा रस्ता त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणीच पुरा केला नाही, आणि टेकड्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

ग्रीनवर आम्ही दोघं आणि एक स्कॉटिश जोडपं, ऐंशीच्या घरातलं. माझा नवरा माझ्या पुढे असायचा, बडबडत. हॉस्पिटल, मित्र, टेकडी, यातलं तो काही काढत नव्हता, आणि मीही काढत नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लवकर पोचलो. बाकीचे यायचे होते. हॉटेलच्या अंगणात बाकावर बसून तो बूट काढत होता. बूट काढता काढताच म्हणाला, "तू टेकडीवर बोलायला नको होतंस. सगळ्यांसमोर."

"पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन," मी म्हणाले.

"ते माहीत आहे मला."

त्याने दुसरा बूट काढला. पायमोजे झटकले. मग दुसऱ्या दिवशीचा नकाशा उघडून मांडीवर पसरला आणि ग्रीनच्या रेघेवर बोट ठेवून, जेवायला कुठे थांबायचं ते शोधायला लागला.